पिशवीचं फॅट

सात जूनची गोष्ट. मृग निघायचा दिवस, सकाळपासून आभाळ नुसतं भरून आलेलं पण पडत काही नव्हतं, आणि आमच्या ब्लड बँकेच्या खिडकीसमोर त्या दमट हवेत नेहमीसारखी चारपाच माणसं हातात फॉर्म घेऊन उभी होती. त्यात एक मामा होते. पंचावन्नच्या आसपासचे, पांढरा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, खिशात पेन आणि रबर लावलेली छोटी डायरी. म्हणाले बायकोच्या पिशवीचं ऑपरेशन हाय, रक्त कमी हाय म्हणून आज रातच्याला एक पिशवी चढवणार हायेत. आमच्याकडे गर्भाशयालाही पिशवी आणि रक्ताच्या बॅगेलाही पिशवीच, त्यामुळे हे वाक्य आठवड्यातून दोनतीनदा तरी कानावर पडतं आणि आता त्याचं हसू येत नाही. सँपल घेतलं, क्रॉसमॅच लावला, म्हणजे बॅगेतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघितलं, तासाभराने बॅग खिडकीवर आणली. इश्यू करताना आम्ही लेबल नातेवाईकांना वाचायला लावतो, ग्रुप, बॅग नंबर, तारखा. बहुतेक जण नुसती मान हलवतात. मामांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि खरंच वाचलं. कलेक्शन एक मे. एक्सपायरी बारा जून. मग बोटांवर मोजलं. "सदतीस दिवस झाले की ह्याला. ताजं न्हाई का एखादं?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. जी आधी आली ती आधी जाते, ताज्या बॅगा थॅलेसेमियाच्या पोरांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठी राखून ठेवाव्या लागतात, आणि मुदत बेचाळीस दिवसांची आहे, अजून पाच दिवस आहेत. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, तपासलंय न्हवं? म्हटलं हो मामा, एचआयव्ही, दोन्ही कावीळ, गुप्तरोग, मलेरिया, सगळं निगेटिव्ह आहे. यावर माणसं गप्प होतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. मामा झाले नाहीत. म्हणाले, "ते रोगाचं झालं ताई. रक्ताचं काय? मी गावात डेअरीवर असतो. सकाळ-संध्याकाळ शंभर-दीडशे लोक दूध घालत्यात. एकेकाचं फॅट काढतो, एसएनएफ काढतो, पावती देतो, मगच कॅनात वततो. हिचं काय काढलं?"

मी म्हटलं, चांगलंय मामा, बिनघोर न्या. त्यांनी बॅग थर्मोकोलच्या डब्यात ठेवली, डबा छातीशी धरला आणि गेले.

हिचं काय काढलं?

गाडीवर घरी जाताना डोक्यात तेच, भाकरी करताना तेच. कारण खरं उत्तर असं होतं की मामा, हिचं काहीच काढलेलं नाही. म्हणजे रक्त देणाऱ्याचं सगळं काढलंय, त्याचं हिमोग्लोबिन, वजन, बीपी, ग्रुप, पाचही रोग. पण एक मेला ती बॅग भरली, सेंट्रिफ्यूजला लावून प्लाझ्मा वेगळा केला, लाल पेशींवर सॅगएम नावाचं टिकवायचं पाणी सोडलं आणि फ्रिजमध्ये ठेवली, त्यानंतरच्या सदतीस दिवसांत आत काय झालं हे कुणी मोजलेलं नाही. आम्ही क्वालिटी कंट्रोल करतो, नाही असं नाही, पण ते साधारण शंभरात एका बॅगेचं. आणि जिचं पूर्ण करतो ती बहुतेक वेळा पेशंटला द्यायच्या लायकीची राहत नाही, कारण एकदा उघडली की बंद साखळी तुटली. मामांना दुधात कसं, चमचाभर काढलं मशीनला लावलं आणि बाकीचं तसंच्या तसं कॅनात. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग, म्हशीच्या दुधाला सहा आणि नऊ, त्याखाली दर कापला. त्यांचं माप आहे, आकडा आहे, भांडायला पावती आहे. माझ्याकडे प्रत्येक बॅगेला एक तारीख आहे आणि माझे दोन डोळे.

डोळ्यांचं खातं मात्र मी मनापासून शिकले. मी नवीन लागले तेव्हा आमचे एक सर होते, आता रिटायर झालेत, ते बॅगेला आधी हातच लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे आधी बघ. फ्रिजमधली लाल पेशींची बॅग कधी बघितली नसेल तर सांगते, ती स्टँडमध्ये उभी असते आणि काही दिवसांत तिच्यात दोन थर होतात, खाली दाट काळपट लाल पेशी आणि वर पातळ पाणी. सगळं गुपित त्या वरच्या पाण्यात. ते पिवळसर, स्वच्छ असलं की ठीक. गुलाबी झालं की पेशी फुटायला लागल्या, आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडायला लागलं. जांभळट किंवा काळं दिसलं की बाजूला काढ आणि मला हाक मार, कारण चार डिग्रीच्या थंडीतही खुशाल वाढणारे यर्सिनियासारखे जंतू असतात आणि ते आतला ऑक्सिजन खाऊन टाकतात म्हणून रंग काळवंडतो. मग बॅगेला जोडलेल्या नळीचे जे सील केलेले तुकडे लोंबत असतात, सेगमेंट, त्यांचा रंग बॅगेच्या रंगाशी ताडून बघायचा, बॅग सेगमेंटपेक्षा काळी म्हणजे नक्की गडबड. हे सगळं ते खिडकीच्या उजेडात शिकवायचे, ट्यूबलाइटखाली नाही. ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणायचे. बॅग हलवायची नाही, नवीन नवरीसारखी न्यायची, हेही त्यांचंच.

मला हे बघणं लवकर जमलं याचं कारण माझे वडील. ते तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला होते. मे महिन्यात बाहेर डांबर पातळ व्हायच्या उन्हात आमचे दादा कानटोपी आणि दोन स्वेटर घालून कामावर निघायचे आणि गल्लीतली पोरं हसायची. मला कधीकधी डबा द्यायला पाठवायचे, ते जाड दार उघडलं की पायावर पांढरी वाफ यायची आणि तो गोड आंबूस वास, बारदान, खोक्याचा पुठ्ठा आणि बेदाणा यांचा मिळून. सौद्याच्या दिवशी व्यापारी मूठभर बेदाणा हातात घ्यायचे, हिरवा, पिवळा, काळा, अंगठ्याने दाबायचे, वास घ्यायचे, आणि दर बोलायचे. दादा घरी येऊन सांगायचे की अमक्याचा माल तारखेने नवा आहे पण बसलाय, आणि तमक्याचा गेल्या सालचा आहे पण अजून डोळा तजेलदार आहे. एकाच खोलीत, एकाच थंडीत ठेवलेला. मी विचारायची असं कसं, तर म्हणायचे, बागेतनंच तसा आला असंल. एवढंच. त्यांना बाकी कारणमीमांसा करायला वेळ नसायचा.

बागेतनंच तसा आला असेल, हे वाक्य रक्तालाही लागू आहे हे मला फार उशिरा कळलं.

आधी आत काय होतं ते सांगते, नाहीतर मामांच्या प्रश्नाची धार लक्षात यायची नाही. लाल पेशी ही तशी विचित्र चीज आहे. तिच्यात केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया नाही, नवीन काही बनवायची सोय नाही. शरीरात साधारण १२० दिवस जगते, सात-आठ मायक्रॉनची चकती, आणि तिच्या निम्म्याहून बारीक केशवाहिनीतून अंग मुडपून निघून जाते. तिला आपण पिशवीत घालून २ ते ६ डिग्रीत ठेवतो आणि सोबत शिदोरी देतो. सॅगएम म्हणजे तीच शिदोरी, मिठाचं पाणी, अ‍ॅडेनाइन, ग्लुकोज आणि मॅनिटॉल. ग्लुकोज खायला, अ‍ॅडेनाइन ऊर्जेचा साठा टिकवायला, मॅनिटॉल फुटू नये म्हणून. पण ती खाते तेही पिशवीत आणि सांडते तेही त्याच पिशवीत. लॅक्टिक अ‍ॅसिड साठत जातं, आंबटपणा वाढतो. ऑक्सिजन हवा तिथे सोडायला मदत करणारं २,३-डीपीजी पहिल्या दोन आठवड्यांतच जवळजवळ संपतं, ते पेशंटच्या अंगात गेल्यावर एक-दोन-तीन दिवसांत परत भरून येतं ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. थंडीत सोडियम-पोटॅशियमचा पंप बंद पडतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, आपल्या रक्तात ते चार-पाचच्या आसपास असतं, मुदत संपत आलेल्या बॅगेच्या पाण्यात पन्नासच्या घरात जातं. मोठ्या माणसाला एका बॅगेने काही होत नाही, पण तान्ह्या बाळाला भराभर जास्त रक्त द्यायचं असेल तर आम्ही शक्य तितकी ताजी बॅग शोधतो ती यासाठी.

आणि मग आकार. हे मायक्रोस्कोपखाली बघायला मला अजून आवडतं, आवडतं म्हणणं बरं नाही पण आवडतं. पहिल्या आठवड्यात गुळगुळीत चकत्या, मधे खळगा, भाकरी थापताना मधे दाबल्यासारखा. मग कडा वेड्यावाकड्या होतात. मग अंगावर उंचवटे, मग काटे, अगदी सराट्यासारखे, तो पायात मोडणारा सराटा. मग काटे झडून जातात, जाताना आवरणाचे बारीक बारीक फुगे घेऊन जातात, आणि शेवटी उरतो नुसता गोळा. काटेरी अवस्थेपर्यंत ती परत येऊ शकते, ऊब आणि प्लाझ्मा मिळाला की पुन्हा चकती होते. गोळा झाली की संपलं. तो गोळा केशवाहिनीत वाकत नाही, पाणथरी म्हणजे प्लीहा त्याला पकडते आणि मोडीत काढते.

आता हे सगळ्या पेशी एका वेळी करत नाहीत. एकाच थेंबात चकत्याही असतात, सराटेही असतात, गोळेही. म्हणून मग सरासरी. बेचाळीस दिवस हा आकडा कुठून आला याचं मला कायम कुतूहल होतं. कॉलेजात पाठ केलेलं की सीपीडीए-१ या दुसऱ्या द्रावणाला पस्तीस आणि सॅगएमला बेचाळीस, का ते कुणी विचारत नाही आणि परीक्षेतही येत नाही. तर मापदंड असा आहे की साठवलेल्या पेशी निरोगी स्वयंसेवकाला त्याच्याच परत द्यायच्या, देण्याआधी त्यांना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करायची, आणि चोवीस तासांनी बघायचं किती अजून फिरतायत. सरासरी ७५ टक्के तरी फिरत असल्या पाहिजेत. म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिलेल्या बॅगेतल्या चतुर्थांश पेशी पहिल्याच दिवशी मोडीत गेल्या तरी नियमात बसतं. दुसरं माप फुटण्याचं, हिमोलिसिसचं. युरोपात मुदतीअखेर ०.८ टक्क्यापर्यंत चालतं, अमेरिकेत १ टक्क्यापर्यंत. ते काढायचं गणित सोपं आहे, वरच्या पाण्यातलं हिमोग्लोबिन घ्यायचं, त्याला बॅगेत पाण्याचा जेवढा टक्का आहे त्याने गुणायचं आणि बॅगेतल्या एकूण हिमोग्लोबिनने भागायचं. पोरगीसुद्धा करेल. पण करायला बॅगेतून सँपल काढावं लागतं, आणि तिथेच अडतं.

क्रोमियमची ती चाचणी तर रोजच्या बॅगेसाठी नाहीच, ती नवीन पिशवी किंवा नवीन द्रावण बाजारात आणायच्या वेळची. म्हणजे कुठल्यातरी देशातल्या थोड्या निरोगी माणसांच्या पेशींवरून आकडा ठरला आणि तो आकडा माझ्या फ्रिजमधल्या प्रत्येक पिशवीवर चिकटला. मी तक्रार करत नाहीये, दुसरं करणार तरी काय. १९१७ साली पहिल्या महायुद्धात ऑस्वल्ड रॉबर्टसनने आघाडीवर सायट्रेट आणि ग्लुकोज घालून बाटल्यांत रक्त साठवलं, दारूगोळ्याच्या खोक्यांचा आइसबॉक्स करून. तेव्हापासून आपण तेच करतोय, थंडी वाढवत, शिदोरी सुधारत, दिवस वाढवत. १९३७ला शिकागोच्या बर्नार्ड फँटसने बँक हा शब्द लावला आणि मराठीत त्याची रक्तपेढी झाली. पेढी म्हटलं की मला सराफाची गादी आणि काट्यावर तोळा मासा करत बसलेला माणूस दिसतो. आमच्याकडे तेवढा काटा नाही.

तर बागेतनंच तसा आला असेल, त्याचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हे पक्कं होत गेलंय की काही लोकांच्या लाल पेशी साठवणीत चांगल्या टिकतात आणि काहींच्या नाही, आणि हा स्वभाव त्या माणसाचा असतो, पुढच्या वेळी दिलं तरी बऱ्यापैकी तसाच. पुरुषांच्या पेशी बायकांच्या पेशींपेक्षा साठवणीत जास्त फुटतात, हे तर मोठ्या अभ्यासांत दिसलंय. हे वाचलं त्या दिवशी मी एकटीच हसले. कारण आमच्या कॅम्पला बायका कमी येतात आणि येतात त्यातल्या कितीतरी मोरचुदाच्या बाटलीपाशी अडकतात. निळ्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा आहे, तरंगला तर नाही. माझा थेंब सतत तरंगतो. इतकी वर्षं ब्लड बँकेत काढली, हजारो लोकांना 'मूठ उघडझाप करा' म्हणून सांगितलं, आणि मी स्वतः आयुष्यात एकदाही रक्त दिलेलं नाही. टिकायला चांगलं असलेलं रक्त निळ्या बाटलीत तरंगत राहतं आणि कॅम्पला शंभर गडी हेल्मेट नाहीतर पाण्याचा जार मिळणार म्हणून रांगेत. असो.

कॅम्पवरून आठवलं. एक मेचा तो कॅम्प मला चांगला लक्षात आहे कारण मीच होते. शाळेचा हॉल, पत्र्याचं छप्पर, बाहेर झेंडावंदन होऊन लाडू वाटून झालेले, आत आठ खाटा आणि चार पंखे, त्यातला एक नुसता आवाज करणारा. दुपारपर्यंत रक्त भरलेल्या बॅगांचा ढीग झाला, आइसपॅक पुरेनात, मी ड्रायव्हरला दोनदा बर्फ आणायला पिटाळलं. आपल्याकडे रक्त असंच येतं, सव्वीस जानेवारीला, एक मेला, शिवजयंतीला, कुणाच्या तरी वाढदिवसाला, लोंढ्याने. सव्वीस जानेवारीचं सगळं नऊ मार्चला एकदम संपतं. आणि मग ऐन मे महिन्यात, कॉलेजं बंद, गावं लग्नात, ऊन, फ्रिजच्या फळ्या दिसायला लागतात. नेत्यांनी आपला वाढदिवस सहा आठवड्यांच्या अंतराने वाटून घ्यावा असं मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं होतं, सगळे हसले, चहा आला, विषय संपला.

मी मामांना जे 'चांगलंय' म्हटलं त्याला आधार नव्हता असंही नाही. जुनं रक्त वाईट का, हा प्रश्न मोठमोठ्या लोकांनी विचारून झालाय. २००८ साली अमेरिकेतल्या हृदयाच्या ऑपरेशनच्या पेशंटांचा एक अभ्यास आला, त्यात चौदा दिवसांपेक्षा जुनं रक्त मिळालेल्यांना त्रास जास्त झाला असं दिसलं आणि सगळीकडे खळबळ. आमच्याकडेसुद्धा डॉक्टर लोक चिठ्ठीवर फ्रेश फ्रेश लिहायला लागले. मग नीट चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग झाले. २०१५चा एबल नावाचा, आयसीयूतले २,४३० पेशंट, एका गटाला सरासरी सहा दिवसांचं रक्त, दुसऱ्याला बावीस दिवसांचं. नव्वद दिवसांत ताज्या गटात ३७ टक्के दगावले, दुसऱ्यात ३५.३. म्हणजे फरक नाही. त्यानंतरच्या आणखी मोठ्या प्रयोगांतही तेच निघालं. मला ते वाचून केवढं हायसं वाटलं होतं. पण सात जूनच्या रात्री भाकरी करपवताना मला त्यातला बावीस हा आकडा टोचायला लागला. बावीस. मामांची बॅग सदतीसची. शेवटच्या आठवड्यातल्या बॅगा त्या सरासऱ्यांमध्ये थोड्याच असणार. आणि सरासरी म्हणजे पुन्हा तेच, कॅनातल्या सगळ्या दुधाचं एकत्र फॅट. मामा तसं काढत नाहीत, एकेकाचं काढतात.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी आमच्या ज्युनियर डॉक्टरला हे बोलून दाखवलं. पोरगी हुशार आहे, मोबाइलमध्ये सगळं असतं तिच्या. तिने मला २०२० सालचा एक पेपर दाखवला. त्यात साठवलेल्या लाल पेशी एका ओळीत वाहत नेऊन कॅमेऱ्याने एकेकीचा फोटो काढलाय, कुठलाही रंग न लावता. मग कॉम्प्युटरला शिकवलं, ही चकती, हा सराटा, हा गोळा, असे सात प्रकार. तज्ज्ञांशी कॉम्प्युटरचं ७६.७ टक्के जुळलं. मी म्हटलं काय उपयोग, चारातली एक चुकतेय. ती म्हणाली मॅडम पुढचं वाचा, तज्ज्ञांचं एकमेकांशी किती जुळलं, ८२.५. म्हणजे आयुष्य मायक्रोस्कोपवर घालवलेले दोघं एकाच पेशीकडे बघतात आणि सहातल्या एकीबद्दल त्यांचं पटत नाही. मला आमचे सर आठवले, खिडकीच्या उजेडात बॅग धरून, एवढे खात्रीने बोलणारे. आणि त्या लोकांनी पुढे आणखी एक केलं. माणसांनी दिलेली नावं काढूनच टाकली, कॉम्प्युटरला फक्त सांगितलं की हा फोटो कितव्या दिवसाच्या रक्ताचा आहे, बाकी तुझं तू बघ. तर त्याला पेशी म्हाताऱ्या होत जाण्याचा क्रम आपोआप सापडला आणि त्यावरून फुटण्याचा अंदाज तज्ज्ञांच्या सात प्रकारांपेक्षा चांगला आला. मी बराच वेळ तो मोबाइल हातात धरून बसले, चहावर साय आली. पेशीकडे बघून वय सांगणारं यंत्र. दादा मूठभर बेदाणा घेऊन म्हणायचे तसंच की, तारखेने नवा आहे पण बसलाय. पण ते यंत्र अजून प्रयोगशाळेतलं आहे, तेही तिकडच्या. आमच्याकडे फ्रिजचा ग्राफ काढायचा पेन वाळला तर नवीन यायला पंधरा दिवस लागतात.

एक वेडेपणा केला मी. क्रॉसमॅच झाला की त्या बॅगेचे सेगमेंट आम्ही काही दिवस ठेवतो, नंतर काही रिअ‍ॅक्शन आली तर तपासायला. मामांच्या बॅगेचा एक जादा तुकडा होता. तो कापला, बारीक नळीत घेतला, फिरवला, आणि सर सांगायचे तसा खिडकीशी नेला. वरचं पाणी पिवळं होतं आणि त्यात, असलीच तर, गुलाबी झाक होती. मी म्हणतेय असलीच तर, कारण बाहेर ढग होते आणि मी बघायला जाताना घाबरलेली होते. शिवाय मला हेही माहीत होतं की नळीतल्या तुकड्यात पेशी बॅगेपेक्षा जास्त फुटतात, त्यावरून बॅगेचा हिशोब लागत नाही. मग कशाला केलं म्हणाल तर माहीत नाही. नोंद कुठेच केली नाही.

अकरा तारखेला मामा परत आले. दुपारचे, पाऊस एकदाचा लागलेला, डोक्यावर खताचं पोतं घेतलेलं. कसलीतरी पावती राहिली होती बिलाला लावायची. ती काढून दिली. म्हटलं मामी कशा आहेत. म्हणाले बऱ्या हायेत, परवा सोडतो म्हणत्यात, तोंडावर जरा रंग आलाय. मला एवढं बरं वाटलं की मी उगाच त्यांना बसायला स्टूल सरकवलं. ते बसले नाहीत, संध्याकाळचं दूध घ्यायला जायचं होतं. पावती डायरीत ठेवून रबर लावता लावता म्हणाले, "मग काढलं का त्या पिशवीचं?" चेष्टेतच. मी म्हटलं, काढलं. "किती लागलं?" मी म्हटलं, जरा गुलाबी होतं बहुतेक. ते माझ्याकडे बघून हसले, वाईट नाही, आमच्या गल्लीतली माणसं नवीन लागलेल्या पोराकडे बघून हसतात तसे. म्हणाले, "बहुतेक म्हणून आमच्यात दर न्हाई लावता येत ताई." आणि पोतं डोक्यावर घेऊन गेले.

बारा जूनला एक मेच्या दोन बॅगा उरल्या. दोन्ही एबी पॉझिटिव्ह, त्याला गिऱ्हाईक कमी. एकाच कॅम्पच्या, एकाच सकाळच्या, एकाच गाडीतून आलेल्या, फ्रिजमध्ये एकाच फळीवर शेजारी शेजारी उभ्या. तेरा तारखेला सकाळी ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायला, लावायच्या आधी मी दोन्हींतून थोडं थोडं काढून घेतलं, आता त्या कुणाला जाणार नव्हत्या, उघडायला हरकत नव्हती. दोन ट्यूब, सेंट्रिफ्यूज, दहा मिनिटं. पाऊस थांबला होता, खिडकीत धुतल्यासारखा उजेड होता. दोन्ही ट्यूब चिमटीत धरून वर केल्या. एकीतलं पाणी अजून फिकट पिवळं, गवती चहाच्या पहिल्या उकळीसारखं. दुसरीतलं लाल सरबत.

मागून आमचा अटेंडंट डिस्कार्डचं रजिस्टर घेऊन उभा होता. "मॅडम, कारण काय लिहू?"

"लिही, मुदत संपली."

"दोन्हीला?"

"दोन्हीला."